साइटच्या तळाशी

कुठलीही वेबसाइट उघडली की मी आधी तळाशी जाते. वर काय लिहिलंय, फोटो कसे आहेत, हे सगळं नंतर. अगदी खाली, जिथे पत्ता आणि फोन नंबर संपतो, तिथे बारीक अक्षरात साइट कोणी बनवली त्याचं नाव असतं. ते नाव माझं नसेल तर माझ्या पोटात दुखायला लागतं. साइट वाईट असेल तर कमी दुखतं, चांगली असेल तर जास्त. जळगावात घरी बसून मी लोकांच्या वेबसाइट बनवते, त्याला बरीच वर्षं झाली, आणि हे दुखणं काही बरं होत नाही. नवरा म्हणतो, तू साइट बघत नाहीस, चुका शोधतेस. खरं आहे. दुसऱ्याच्या साइटमध्ये चूक सापडली की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

तळाशी नाव टाकण्यासाठी दर वेळी मालकाशी भांडावं लागतं. "मॅडम, हे खाली काय आलंय?" "माझं नाव." "ते कशाला? कामाचे पैसे दिलेत ना आम्ही." मग मी विचारते, तुमच्या दुकानाची पाटी ज्या पेंटरने रंगवली त्याने कोपऱ्यात आपलं नाव टाकलंय, ते कसं चालतं? मालक बाहेर जाऊन पाटीकडे बघून येतो. माझं नाव राहतं, पण राखाडी रंगात, सगळ्यात लहान अक्षरात. ते तसं मीच करते. पुढे कधी मालकाच्या नजरेत भरू नये आणि त्याने काढा म्हणू नये, एवढ्यासाठी.

आमच्याकडे वेबसाइटचंही दुकानासारखं उद्घाटन होतं. मुहूर्त काढतात, मंडप घालतात, लॅपटॉपला हळदकुंकू लावतात आणि त्याच्यासमोर नारळ फोडतात. कीबोर्डवर पाणी उडू नये म्हणून मी प्लास्टिकचा कागद सोबत ठेवते. साइट खरं तर आधीच चालू करून, तपासून झालेली असते, पण ते कोणाला सांगायचं नसतं. मी एक वेगळं पान तयार करून नेते. त्यावर लाल पडदा आणि मधोमध एक बटण. पाहुण्यांनी बटण दाबलं की पडदा दोन्ही बाजूंना सरकतो, मागे साइट दिसते आणि लोक टाळ्या वाजवतात.

मध्यंतरी भरिताच्या एका हॉटेलची साइट अशी सुरू झाली. पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळालं, ते ठीक. बॅनर छापणाऱ्यालाही मिळालं. वांग्याचे फोटो काढणाऱ्याला तर स्टेजवर बोलावून फेटा बांधला. फोटो चांगले होते, नाही म्हणत नाही, पण त्या फोटोंचं वजन कमी करून ते कोणाच्याही साध्या फोनवर पटकन उघडतील असे मी केले होते, आणि ते करताना माझे डोळे गेले होते. मी स्टेजच्या कडेला लॅपटॉप धरून उभी. कार्यक्रम संपल्यावर मालक माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता फेटा. ते म्हणाले, "मॅडम, तेवढा चार्जर काढून घ्या, मिक्सर लावायचाय." अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या मिक्सरच्या आवाजात कळलं.

पण बॅनरवाला, फोटोवाला हे तसे लांबचे. खरी आग नशिराबादला लागली.

तिथे ठिबकच्या नळ्या विकणारे एक दुकानदार आहेत. त्यांना साइट करायची होती. मी माझे नमुने दाखवत होते, आणि ते मान हलवत होते, पण मन भलतीकडेच. शेवटी त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. "मॅडम, अशी पाहिजे आम्हाला." धुळ्याच्या एका दूध डेअरीची साइट होती. मी सवयीने आधी तळाशी गेले. तिथे नाव नव्हतं. मग वर आले, आणि पोटात दुखायला लागलं, कारण साइट फारच चांगली होती. आम्ही बसलो होतो त्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये नेट जेमतेम, आणि जिथे माझ्या साइटला दम लागत होता, तिथे ही चुटकीसरशी उघडली. एकही शब्द जास्तीचा नाही. दूध कधी येतं, कुठे मिळतं, तक्रार असेल तर कोणाशी बोलायचं, सगळं पहिल्याच पानावर.

"कोणी केली?" मी विचारलं.

"चोपड्याची कोणी बाई आहे म्हणे. घरूनच करते. धुळ्याचं माहेर आहे तिचं."

चोपड्यात राहणारी, धुळ्याचं माहेर असलेली, कॉम्प्युटर शिकलेली बाई मला चांगली माहीत होती. ती माझी भावजय होती. माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा धुळ्याला कसलासा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली होती, आणि आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, केळीच्या नर्सरीचे हिशेब बघते, एवढंच मला ठाऊक होतं. नर्सरी म्हणजे केळीच्या रोपांची. चोपड्याच्या बाहेर हिरव्या जाळीच्या शेडमध्ये आबा रोपं वाढवून शेतकऱ्यांना विकतात. मी दुकानदारांना म्हटलं, "रंग जरा जास्तच झालेत." रंग जास्त झालेले नव्हते. आणि मनात म्हटलं, बाईला तळाशी नाव टाकायचीसुद्धा अक्कल नाही.

ते काम मला मिळालं नाही.

घरी येऊन मी त्या डेअरीच्या साइटची सगळी पानं उघडून आतला कोड वाचत बसले. काहीतरी चोरलेलं, काहीतरी ओबडधोबड सापडेल अशी आशा होती. सापडलं नाही. एका ठिकाणी तिने एक युक्ती केली होती, ती मी माझ्या पुढच्या कामात सरळ वापरली आणि तिच्यावर आणखीच चिडले. माझ्या माहेरी राहते, माझ्या आबांच्या हातचा चहा पिते, माझी खोली तिला मिळाली, सातपुड्याकडून येणारी संध्याकाळची गार हवा तिला मिळते, आणि आता माझा धंदाही तिला पाहिजे. असं सगळं एका दमात मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, चहा आबाच करतात का तिथे? हा मुद्दाच नव्हता.

आणि अशात भावाचा फोन आला.

"अक्का, आखाजीले आपली साइट चालू करी राहिनूत. हिनीच करेल शे बठ्ठं. तुनाकडे ते नाव शे ना, ते जोडी दे."

ते नाव म्हणजे डोमेन, साइटचा पत्ता. आबांच्या नर्सरीच्या नावाचं डोमेन मी फार पूर्वीच घेऊन ठेवलं होतं, माझ्या नावावर, आणि दर वर्षी आठवणीने चालू ठेवत होते. ती साइट मी करणार होते. भावाने दोन-तीनदा विचारलंही होतं आणि मी म्हटलं होतं, करते रे, हे एवढं काम संपू दे. लोकांच्या साइटी संपत नव्हत्या आणि माहेरची कुठे पळून जात नव्हती. निवांत, मनासारखी करायची होती ती. आबांनी बटण दाबायचं आणि मी शेजारी उभी राहायचं, चार्जर काढायला नाही, मिरवायला, इतपत मी सगळं मनात रंगवून ठेवलेलं. ते सगळं तिने उचललं, आणि वर पत्ताही माझ्याकडेच मागत होते.

"जोडसू ना," मी म्हटलं. "टाइम लागस त्याले."

आमच्या धंद्यात ही सबब फार सोयीची आहे. पत्ता साइटला जोडला की तो सगळीकडे पोचायला कधी कधी वेळ लागतो, हे खरं आहे, आणि खरं असल्यामुळे कोणी उलट विचारत नाही. फक्त आधी जोडावं लागतं. मी जोडलाच नाही.

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. दिवाळी चुकली तरी चालेल, आखाजी चुकवत नाहीत. मी गेले ती पत्ता तसाच रिकामा ठेवून. नर्सरीच्या दारातल्या निंबाला झोका बांधलेला होता, घरात पितरांची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं होतं, आई खापरावर पुरणपोळ्या करत होती. आबा ओट्यावर बसलेले. "ऊनी का माय?" म्हणाले आणि लगेच आत वळून भावजयीला हाक मारली, "बेटा, अक्काले पानी दे." मला ते 'बेटा' बोचलं. मला ते कधी बेटा म्हणाल्याचं आठवत नाही.

पाणी घेऊन ती आली. बारीक अंगाची, कपाळावर घाम, हात पुरणाचे. "अक्का, साइट बघता का? काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा." मला हेच हवं होतं. मी तिच्यामागे माझ्या जुन्या खोलीत गेले. माझ्या पलंगाच्या जागी टेबल होतं, टेबलावर दोन स्क्रीन. माझ्याकडे एकच आहे.

तिने लॅपटॉपवर साइट उघडली आणि मला खुर्ची दिली. कुठल्या जातीची रोपं कधी तयार होतात, बुकिंग कसं करायचं, नेताना गाडीत कशी ठेवायची, सगळं नेमकं. मग 'आमच्याविषयी' हे पान उघडलं. इथे सगळे जण आजोबांचा फोटो आणि दोन गुळगुळीत वाक्यं टाकतात. तिने आबांची गोष्ट लिहिली होती, त्यांच्याच बोलण्यातली. पहिली रोपं आबांनी एसटीच्या टपावरून आणली होती, ओल्या पोत्यांत गुंडाळून. दर थांब्यावर ते शिडीने वर चढून पाणी शिंपडायचे. कंडक्टरने रोपांचं तिकीट मागितलं तेव्हा आबा त्याला म्हणाले होते, लहान आहेत, अर्धं लावा.

मी ते दोनदा वाचलं. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी या घरात जन्मले, वाढले, आबांच्या मागे त्या शेडमध्ये फिरले, आणि त्यांनी मला कधी हे सांगितलं नाही. किंवा मी कधी विचारलं नाही. तिने विचारलं आणि त्यांनी सांगितलं. साइट गेली, खोली गेली, ते एक वेळ सोसलं असतं, पण माझ्या बापाची गोष्ट मला हिच्याकडून वाचावी लागत होती. मला तिथल्या तिथे लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला.

"ही गोष्ट खरी आहे?" मी विचारलं.

"आबा संध्याकाळी पाणी मारताना सांगतात. मी पाइप धरते."

 सरसर खाली, तळाशी गेले. पत्ता होता, फोन नंबर होता. नाव नव्हतं. तेवढी एक जागा सापडली म्हणून मी तिथेच बोट ठेवलं.

"नाव टाकावं गं. लोकांना कळलं पाहिजे कोणी केलंय. डेअरीच्या साइटलाही टाकलं नाहीस. ही चूक आहे, धंद्यात असं करत नाहीत." आवाज मी मुद्दाम मोठ्या बहिणीचा काढला होता.

तिने दाराकडे पाहिलं आणि दार थोडं लोटलं.

"टाकलं होतं, अक्का. डेअरीच्या साइटला पहिल्याच दिवशी टाकलं होतं. यांनी काढायला लावलं. म्हणाले, घरच्या सुनेचं नाव लोकांच्या दुकानाखाली कशाला? कोणीही फोन करेल. आणि इथलं तर घरचंच काम, म्हणे."

"मग माझं नाव असतं ते?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाले, अक्काचं वेगळं." ती पदराला हात पुसत होती, पुरण केव्हाच वाळलं होतं. "खरं सांगू? कुठलीही साइट उघडली की मी आधी तळाशी जाते. तुमचं नाव दिसलं की फार जळते मी. राग मानू नका. त्या भरीतवाल्याची बघितली, त्या दिवशी मला भाकर गेली नाही."

खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्यावर कोणीतरी जळत होतं! ज्या राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांकडे मालक ढुंकून बघत नाहीत, ती कोणीतरी शोधून शोधून वाचत होतं. तो आनंद मी घोटभर प्याले. आणि मग माझ्या लक्षात आलं की नशिराबादला मी हिला मनातल्या मनात बिनअकली म्हटलं होतं, आणि माझा भाऊ, ज्याला मी कडेवर खेळवलं, तो माझं नाव मिरवून सांगतो आणि हिचं पुसायला लावतो. आता चिडायचं कोणावर, हेच मला कळेना.

जेवणं झाली. दुपार उतरल्यावर शेडसमोर सतरंज्या पडल्या. नेहमीचे गिऱ्हाईक शेतकरी, भाऊबंद, शेजारपाजारचे आले. लॅपटॉपला हळदकुंकू झालं. पडद्याचं पान तिनेही केलं होतं. तिचा पडदा हिरवा, केळीच्या पानाचा. सुचायला हवं होतं मला. आबांनी नारळ फोडला आणि बटण दाबायला पुढे झाले, तेव्हा भाऊ माझ्याकडे वळला.

"अक्का, नाव जोडं ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पत्ता माझ्या फोनमध्ये होता आणि फोन माझ्या मुठीत. त्याच्याशिवाय त्या पडद्यामागे काही नव्हतं, म्हणजे होतं ते फक्त त्या एका लॅपटॉपवर. जमलेल्यांनी आपापल्या फोनवर पत्ता टाकला असता तर रिकामं पान दिसलं असतं. सगळी वाट माझ्यापाशी अडली होती, आणि मला ते आवडलं, हेही सांगते.

"नही जोडं," मी म्हटलं. "आखाजी शे. आंडेरले काय देनं शे आधी इचार."

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला विचारायची रीत आहे, काय पाहिजे म्हणून. लेक साडी सांगते, ती आधीच आणून ठेवलेली असते. भाऊ हसला, लोकही हसले. आबा म्हणाले, "मांग, तुले काय मांगनं शे ते."

"साइटना तळले हिनं नाव टाका. मंग मी जोडस."

भावाचं हसू गेलं. तो जवळ येऊन हळू बोलला, "घरनं काम शे, अक्का. घरना कामले कोनी नाव टाकस का? आनि लोकस्ना फोन येतीन तिले."

"मले येतस. तू कधी बोलना नही."

"तुनं येगळं शे."

"कसं येगळं?"

तो आबांकडे बघायला लागला. मीही बघायला लागले, कारण आबा त्याच्या बाजूने बोलले असते तर मला पत्ता मुकाट्याने जोडून द्यावा लागला असता, आणि मग या घरात आखाजीला यायचं कशासाठी हा प्रश्न उरला असता. आबा नारळाची वाटी हातात घेऊन उभे होते. भावजयीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"तिनी मांगं," ते भावाला म्हणाले. "आते देनं पडी."

एवढं बोलून ते खुर्चीवर बसले. भावाने तांब्या उचलला. तो पाहुण्यांना पाणी द्यायला गेला.

ती लॅपटॉपपाशी येऊन बसली. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तशीच थांबली. कुठलं नाव टाकायचं हे तिलाही ठरवावं लागत असणार. मग तिने टाइप केलं. भावाचं नाही, आडनाव नाही, नुसतं स्वतःचं नाव. काळ्याभोर रंगात. आणि अक्षर केवढं, तर ओट्यावर बसलेल्या आईला चष्म्याशिवाय वाचता आलं. आईने ते मोठ्याने वाचूनही दाखवलं.

मी पत्ता जोडला. आबांनी बटण दाबलं, केळीचं पान सरकलं, टाळ्या झाल्या. बाकीच्यांच्या फोनवर मात्र साइट काही लगेच दिसेना. सगळे विचारत होते आणि मी सगळ्यांना सांगत होते, वेळ लागतो त्याला. या वेळी ते खरं होतं. सगळ्यात आधी एका शेतकऱ्याच्या जुन्याशा फोनवर ती उघडली, आणि लोक त्याच्याभोवती गोळा झाले. भावजयीने माझ्याकडे बघितलं. मिठी वगैरे मारली नाही तिने, आणि मी मारू दिलीही नसती. साडी मला नेहमीसारखी मिळालीच, आईने आणून ठेवली होती. पत्ता मी जोडून दिलाय, देऊन टाकलेला नाही. तो अजून माझ्याच नावावर आहे.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि फोनवर आबांच्या नर्सरीची साइट उघडली. आधी तळाशी गेले. तिचं नाव होतं, ठसठशीत. माझ्याच हट्टाने तिथे आलेलं, आणि तरीही ते बघून माझ्या पोटात दुखायला लागलं, नशिराबादला दुखलं होतं तेवढंच. इतकी वर्षं मी भांडून नाव टाकत आले, आणि टाकून झालं की कोणाला दिसणार नाही असं करत आले. हिने पहिल्याच संधीला असं टाकलं की आई वाचू शकली.

जळगाव यायला वेळ होता. मी मांडीवर लॅपटॉप उघडला, भरीतवाल्याच्या साइटच्या तळाशी गेले आणि माझ्या नावाचा राखाडी रंग काढून टाकला. अक्षर तिच्याएवढं केलं. मग थोडा विचार केला आणि तिच्याहून एक माप मोठं केलं.